उशिराचं प्रथिन पहिल्याच तासाला कसं दिसतं? हर्पिस विषाणूच्या जनुकांचा क्रम

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्ही व्हेरो पेशींना (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींना) हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू प्रकार १ चा संसर्ग दिलात, ठरावीक तासांनी नमुने घेतलेत आणि वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातली प्रथिनं प्रतिपिंडांनी पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) केलेत. पुस्तक सांगतं की या विषाणूची जनुकं तीन टप्प्यांत चालू होतात: इमिजिएट अर्ली (अगदी लगेचची), मग अर्ली (लवकरची), मग लेट (उशिराची). पण तुमच्या ब्लॉटवर व्हीपी१६ हे ‘लेट’ प्रथिन पहिल्याच तासाला दिसलं, आणि ग्लायकोप्रोटीन डी हे दुसरं ‘लेट’ प्रथिन चौथ्या तासाला. गाईड म्हणाले, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. शिवाय तुम्ही एक जास्त खोल प्रश्न विचारलात. विषाणूकडे स्वतःचं आरएनए पॉलिमरेज (जनुक वाचून त्याचा आरएनए बनवणारं एन्झाइम) नाही, तो पेशीचंच पॉलिमरेज टू वापरतो. मग ते एन्झाइम सगळी जनुकं एकदम का वाचत नाही? आणि चेतापेशीत वर्षानुवर्षं जवळजवळ काहीच का वाचत नाही?

मला वाटतं तुमच्या नळ्या जागच्या जागी होत्या. तुम्हाला जे दिसलं ते असंच दिसायला हवं होतं.

घोळ होतो तो नावांमुळे. अर्ली, लेट हे शब्द वाचले की डोळ्यांसमोर वेळापत्रक येतं. मीही पहिली दोन वर्षं तसंच वाचत होते. पण या गटांची खरी व्याख्या वेळेवर आधारलेली नाही. कोणाला सुरू होण्यासाठी आधी कोण तयार असावं लागतं, यावर ती आधारलेली आहे. स्वयंपाकघरात पोळी साडेबाराला झाली की अकराला, याला महत्त्व नसतं; कणीक भिजवल्याशिवाय पोळी होत नाही, हा क्रम मात्र कोणत्याही घरात बदलत नाही. हर्पिसच्या जनुकांचा क्रम या दुसऱ्या प्रकारचा आहे.

हे कसं ठरलं ते पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. १९७४ साली शिकागोत हॉनेस आणि रॉइझमन यांनी संसर्ग झालेल्या पेशींतली प्रथिननिर्मिती औषधाने थांबवली आणि नंतर बंदी उठवून कोणती प्रथिनं आधी बनतात ते पाहिलं. सायक्लोहेक्झिमाइड घातलं की प्रथिनं बनत नाहीत, पण आरएनए बनू शकतो. या अवस्थेत ज्या जनुकांचा आरएनए साठत जातो, त्यांना विषाणूच्या कोणत्याही नव्या प्रथिनाची गरज नाही, असा अर्थ होतो. ती इमिजिएट अर्ली, म्हणजे आल्फा जनुकं. ज्यांना आल्फा प्रथिनं लागतात पण विषाणूच्या डीएनएची नक्कल होण्याची गरज नसते, ती अर्ली, म्हणजे बीटा. ज्यांना डीएनएची नक्कल झालेली हवी असते ती लेट, म्हणजे गॅमा. हा शेवटचा गट ओळखायला आपण फॉस्फोनोॲसिटिक ॲसिड किंवा असायक्लोव्हिर घालून डीएनएची नक्कल अडवतो. व्याख्येत कुठेही तासांचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्या.

आता व्हीपी१६. माझ्या मते या विषाणूच्या सगळ्या गोष्टीतला हा सर्वांत सुंदर भाग आहे. व्हीपी१६ चं जनुक लेट गटातलं आहे, हे अगदी खरं. पण ते प्रथिन बनतं आधीच्या पेशीत, संसर्गाच्या शेवटच्या टप्प्यात, आणि शेकड्यांच्या संख्येने नव्या विषाणूकणात भरलं जातं. डीएनए असलेलं कवच आणि बाहेरचं मेद-आवरण यांच्यामध्ये टेग्युमेंट नावाचा थर असतो, तिथे ते बसतं. प्रवासाला निघालेल्या माणसाला घरून शिदोरी बांधून द्यावी तसं. पुढच्या पेशीत शिरल्यावर पहिला घास त्या शिदोरीतलाच असतो. तुम्ही पहिल्या तासाला जो पट्टा पाहिलात तो या पेशींनी बनवलेला नाहीच. तो तुम्ही पिपेटने घातलेल्या विषाणूतून आलेला आहे.

आणि या शिदोरीतच तुमच्या मोठ्या प्रश्नाची अर्धी उकल आहे. विषाणूचा डीएनए कवचात असताना त्याच्यावर हिस्टोन, म्हणजे डीएनए गुंडाळून ठेवणारी प्रथिनं, नसतात. केंद्रकात आल्याबरोबर पेशी त्याला परका समजून हिस्टोनांनी झाकू लागते. पॉलिमरेज जवळपास असून उपयोग नसतो, कारण झाकलेला प्रमोटर (जिथून जनुकाचं वाचन सुरू होतं तो भाग) त्याला सापडत नाही. व्हीपी१६ ची डीएनएला स्वतःहून चिकटण्याची ताकद अगदी कमी आहे. म्हणून ते पेशीतल्याच दोन प्रथिनांना हाताशी धरतं. एचसीएफ-१ सोबत ते केंद्रकात जातं, आणि ऑक्ट-१ आधीपासूनच डीएनएवरची एक विशिष्ट अक्षरमाला ओळखतं. इमिजिएट अर्ली जनुकांच्या प्रमोटरांत टीएएटीजीएआरएटी अशी खूण असते, यातला आर म्हणजे ए किंवा जी. ऑक्ट-१ तिथे बसतं, एचसीएफ-१ आणि व्हीपी१६ त्याच्याशी जुळतात, आणि व्हीपी१६ चं आम्लधर्मी टोक ट्रान्सक्रिप्शनची (जनुकाचा आरएनए बनवण्याची) यंत्रणा आणि हिस्टोन बदलणारी एन्झाइमं तिथे ओढून आणतं. ही खूण अर्ली आणि लेट प्रमोटरांत अशी नसते. म्हणून पॉलिमरेज सगळीकडे एकदम धावत नाही.

त्या आम्लधर्मी टोकाबद्दल एक सांगायलाच हवं. ते इतकं जोरकस आहे की १९८० च्या दशकाच्या शेवटी संशोधकांनी ते यीस्टच्या जीएएल४ प्रथिनाच्या डीएनए-बंधक भागाला जोडलं, आणि ते जोडप्रथिन जगभरातल्या प्रयोगशाळांत वापरलं जाऊ लागलं. आज क्रिस्परने एखादं जनुक चालू करायचं असेल तर वापरला जाणारा व्हीपी६४ म्हणजे याच टोकाच्या छोट्या तुकड्याच्या चार प्रती. तुमच्या शेजारच्या बाकावर कोणी डीकॅस९ वर (क्रिस्परच्या डीएनए न कापणाऱ्या प्रथिनावर) काम करत असेल, तर ते नकळत हर्पिसची शिदोरी वापरताहेत.

मग तुमच्या ब्लॉटवर आलेलं प्रथिन आणि बनलेलं प्रथिन वेगळं कसं करायचं? संसर्गाआधी अर्धा तास सायक्लोहेक्झिमाइड घाला, संसर्गातही ते चालू ठेवा, आणि त्या नमुन्याची लेन (जेलवरची रांग) सामान्य नमुन्याच्या शेजारी लावा. दोन्हीकडे सारखाच पट्टा असेल तर तो आत आलेल्या विषाणूचा. औषध नसलेल्या लेनमध्ये तो पुढे जाड होत गेला, तर ते जाड होणं नव्या प्रथिनाचं. माझ्या विद्यार्थ्यांना मी या लेनशिवाय ब्लॉट आणूच देत नाही. कवचाचं व्हीपी५, ग्लायकोप्रोटीन डी, व्हीपी१६ ही सगळी विषाणूकणात असतात, त्यामुळे विषाणूचं प्रमाण जास्त असेल तर ती शून्य तासालाही दिसतात.

इमिजिएट अर्ली जनुकं पाच आहेत: आयसीपी०, ४, २२, २७ आणि ४७. यांतलं आयसीपी४ नीट समजून घ्या, बाकीची मग सहज बसतात. आयसीपी४ नसेल तर अर्ली आणि लेट जवळजवळ उठतच नाहीत; संसर्ग पहिल्या पायरीवर अडकतो. ते डीएनएला चिकटून पेशीच्या टीएफआयआयडीला (वाचनाची सुरुवात करून देणाऱ्या प्रथिनांच्या गटाला) प्रमोटरवर टिकवून धरतं. शिवाय स्वतःच्या जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं तिथेच बसून ते स्वतःचं उत्पादन कमी करतं. सायक्लोहेक्झिमाइडखाली आल्फा आरएनए नेहमीपेक्षा जास्त का साठतो, याचं एक कारण हेच: आवर घालणारं प्रथिनच बनलेलं नसतं. तुमच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न येण्याची शक्यता बरीच आहे.

आयसीपी० डीएनएला चिकटत नाही. ते युबिक्विटिन लायगेज आहे. पेशीच्या पीएमएल आणि एसपी१०० सारख्या पहारेकरी प्रथिनांवर नष्ट होण्याची खूण लावतं. विषाणूचा डीएनए झाकून गप्प करण्याचं काम ज्यांचं, त्यांनाच ते बाजूला करतं. याचा परिणाम मात्र परिस्थितीवर फार अवलंबून असतो. आयसीपी० नसलेला विषाणू माणसाच्या फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतीतल्या पेशींत) कमी प्रमाणात टाकला तर अगदी मलूल वाढतो. तोच भरपूर टाकला, किंवा यू२ओएस पेशींत (हाडाच्या कर्करोगापासून वाढवलेल्या पेशींत) टाकला, तर बरा वाढतो. त्यामुळे ‘हे जनुक आवश्यक आहे का’ याला माझं उत्तर नेहमी असतं: कोणत्या पेशीत आणि किती विषाणू घालून? आयसीपी२७ आरएनएच्या पातळीवर काम करतं. ते पेशीच्या स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे आरएनएतले इंट्रॉन नावाचे तुकडे कापून टाकण्यात, अडथळा आणतं आणि विषाणूचे आरएनए केंद्रकाबाहेर न्यायला मदत करतं. विषाणूच्या बहुतेक जनुकांत इंट्रॉन नसल्यामुळे या अडथळ्याचा फटका मुख्यतः यजमान पेशीला बसतो. आयसीपी२२ पॉलिमरेजच्या शेपटीवरच्या फॉस्फेटांचा नमुना बदलतं. आयसीपी४७ चा जनुकनियंत्रणाशी संबंधच नाही. ते टी-पेशींपुढे विषाणूचे तुकडे मांडले जाऊ नयेत म्हणून टॅप नावाचा वाहक अडवतं.

अर्ली गटात मुख्यतः डीएनएची नक्कल करणारी मंडळी येतात: डीएनए पॉलिमरेज, आयसीपी८, हेलिकेज-प्रायमेज, आणि थायमिडिन कायनेज. या शेवटच्या जनुकाचा प्रमोटर मला वर्गात शिकवायला फार आवडतो. तो प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळात) टाकून साध्या, संसर्ग नसलेल्या पेशीत घातला तर व्यवस्थित चालतो. रेनिला ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या एन्झाइमच्या एका नेहमीच्या प्लाझ्मिडमध्ये हाच असतो. त्यात पेशीच्याच एसपी१ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनासाठी जागा आहेत. मग विषाणूत असताना त्याला आयसीपी४ का लागतं? कारण विषाणूच्या सुमारे १,५२,००० बेसपेअरच्या डीएनएवर, पेशीच्या दडपणाखाली, तोच प्रमोटर वेगळ्या अवस्थेत असतो. प्रमोटरची अक्षरं तीच, पण त्याचा शेजार बदललेला. प्लाझ्मिडवरच्या निष्कर्षांवरून संसर्गाबद्दल बोलताना म्हणूनच जपून राहायला हवं.

थायमिडिन कायनेजमुळे दवाखान्यातली एक गोष्टही कळते. असायक्लोव्हिरला पहिला फॉस्फेट मुख्यतः विषाणूचं हेच एन्झाइम जोडतं, आणि मग ते औषध विषाणूचं डीएनए पॉलिमरेज अडवतं. म्हणजे औषध काम करतं ते अर्ली जनुकं चालू असलेल्या पेशीत. शांत पडलेल्या विषाणूकडे ना कायनेज असतं ना डीएनए पॉलिमरेज, त्यामुळे त्याच्यापर्यंत औषधाचा हात पोचत नाही. ज्यांच्या ओठावर वारंवार फोड येतात त्यांना डॉक्टर चुरचुर सुरू होताच गोळी घ्यायला सांगतात, त्यामागेही हाच विचार आहे.

आता तुमचं ग्लायकोप्रोटीन डी. लेट गटाचे प्रत्यक्षात दोन भाग आहेत, आणि पदवीच्या पुस्तकांत हे बऱ्याचदा सुटतं. पहिला भाग ‘लीकी लेट’, म्हणजे गॅमा-१: ही जनुकं डीएनएची नक्कल होण्याआधीच थोडीथोडी चालू होतात, नक्कल झाल्यावर जोर धरतात. ग्लायकोप्रोटीन डी यातलं. भरपूर विषाणू घातला तर तिसऱ्या-चौथ्या तासाला ते दिसणं अपेक्षितच आहे. दुसरा भाग ‘ट्रू लेट’, म्हणजे गॅमा-२: नक्कल अडवली तर ही जवळजवळ दिसत नाहीत. ग्लायकोप्रोटीन सी हे नेहमीचं उदाहरण. तुम्हाला लेट गट दाखवायचा असेल तर डीच्या ऐवजी सी चं प्रतिपिंड वापरा आणि शेजारी असायक्लोव्हिरची लेन लावा. डी कमी होईल पण राहील, सी जाईल. दोन लेनमध्ये तुमच्या गाईडना सगळं दिसेल.

नक्कल झाल्याने नेमकं काय बदलतं? प्रती वाढतात, म्हणजे वाचायला साचे जास्त मिळतात, हे तर आहेच. पण तेवढंच नाही. नव्याने बनलेला डीएनए ट्रान्सक्रिप्शनच्या यंत्रणेला जास्त मोकळा असतो, आणि आधी दुर्लक्षित राहिलेल्या लेट प्रमोटरांवर पॉलिमरेज बसू लागतं. या प्रमोटरांची रचनाही साधी, टाटा बॉक्स आणि सुरुवातीच्या जागेभोवतीची थोडी अक्षरं, एवढीच. झाकलेल्या डीएनएवर अशा साध्या प्रमोटरला कोणी विचारत नाही. मोकळ्या डीएनएवर तो पुरतो.

तुम्ही पुढे क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजण्याची चाचणी) करणार आहात असं लिहिलंय, म्हणून इथे थोडी थांबते. या टप्प्यावर माझे स्वतःचे तीन महिने गेले होते. सुरुवातीच्या काळात मी सगळे आकडे ॲक्टिन या पेशीच्या नेहमीच्या प्रथिनाच्या आरएनएशी तुलना करून काढत होते. निकाल विलक्षण आले: विषाणूची जनुकं तर वाढतच होती, पण पेशीचीही कितीतरी जनुकं ‘वाढलेली’ दिसत होती. मी त्यावर पोस्टरही तयार केलं. नंतर लक्षात आलं की खाली जात होता तो ॲक्टिनच. विषाणूकणातून व्हीएचएस नावाचं आणखी एक प्रथिन आत येतं. ते आरएनए तोडणारं एन्झाइम आहे आणि पेशीचे एमआरएनए पहिल्या काही तासांतच नष्ट करू लागतं. मोजपट्टीच आखडत असेल तर प्रत्येक कापड लांब भरणार. तेव्हापासून मी १८एस रायबोसोमल आरएनए वापरते, त्याला व्हीएचएस हात लावत नाही.

व्हीएचएस विषाणूचे आरएनएही तोडतं, आणि मला हा त्याचा दोष वाटत नाही. जुन्या टप्प्याचे आरएनए लवकर गेले तर पुढच्या टप्प्याला जागा मिळते. नंतर नव्याने बनलेलं व्हीपी१६ व्हीएचएसला धरून त्याचा जोर कमी करतं. म्हणजे ज्या प्रथिनाने सुरुवातीला दार उघडलं, तेच शेवटी लेट आरएनएंची राखणही करतं.

क्यूपीसीआरची दुसरी खबरदारी इंट्रॉनची. माणसाच्या जनुकांसाठी आपण प्रायमर (मोजायचा भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) इंट्रॉनच्या दोन बाजूंना ठेवतो, म्हणजे डीएनएची भेसळ ओळखू येते. इथे बहुतेक जनुकांत इंट्रॉनच नाहीत, आणि आठव्या तासाला पेशीत विषाणूचा डीएनए ढिगाने असतो. डीनेजची (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमची) प्रक्रिया नीट करा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक वेळच्या नमुन्याला लावा, फक्त एका नमुन्याला लावून भागत नाही. तिसरी गोष्ट: शेजारशेजारची बरीच जनुकं शेवटचं टोक वाटून घेतात, त्यामुळे वरच्या जनुकाचा लांब आरएनए खालच्या जनुकाचे प्रायमरही पकडतात. प्रायमर मागवण्याआधी नकाशा उघडून ही बाब तपासा. विषाणूच्या डीएनएत जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे प्रायमर जुळवायला थोडा त्रास होईल.

तासांचे आकडे माझ्याकडून नेमके घेऊ नका, कारण ते तुमच्या मांडणीवर ठरतात. प्रत्येक पेशीमागे दहा विषाणू घातले तर सगळ्या पेशी साधारण एकत्र चालतात. दहा पेशींमागे एक घातला तर काही पेशी लेट टप्प्यात असतात तेव्हा काहींना संसर्गही झालेला नसतो, आणि ब्लॉटवर तीनही गट एकत्र दिसतात. शून्य तास कुठला धरला, विषाणू घातला तेव्हाचा की तासाभराने धुतल्यानंतरचा, हे वहीत लिहिलेलं असू द्या. आणि व्हेरो पेशी स्वतः टाइप-१ इंटरफेरॉन (विषाणूविरुद्ध इशारा देणारी प्रथिनं) बनवत नाहीत; म्हणून तिथे विषाणू इतका सुखाने वाढतो. माणसाच्या त्वचेतल्या पेशींत हाच क्रम दिसेल, पण विषाणूची वाट जास्त चढाची असेल.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न, चेतापेशींचा. इथपर्यंतचं हाताशी असेल तर उत्तर जवळच आहे. आपल्याकडे ‘ओठावर ताप फुटला’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाच विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ३७० कोटी लोकांना, म्हणजे ६७ टक्क्यांना, त्याचा संसर्ग झालेला आहे. ओठाजवळच्या चेतातंतूच्या टोकातून तो आत शिरतो आणि त्या तंतूतून कवच काही सेंटीमीटर मागे, कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गँग्लियनपर्यंत (चेतापेशींच्या गुच्छापर्यंत) जातं. पण शिदोरीचं काय? व्हीपी१६ आत शिरतानाच कवचापासून सुटतं आणि बरंचसं वाटेत मागे राहतं. शिवाय संवेदी चेतापेशीत एचसीएफ-१ एरवी केंद्रकाबाहेर असतं. म्हणजे डीएनए केंद्रकात पोचतो तेव्हा त्याच्यासोबत दार उघडणारं कोणी नसतं. पॉलिमरेज तेच, जनुकं तीच, पण पहिली पायरीच होत नाही. हिस्टोन बसत जातात, त्यांच्यावर गप्प राहण्याच्या मिथिल खुणा पडतात, आणि डीएनए तसाच पडून राहतो.

एकच भाग जोरात वाचला जातो: लेटन्सी असोसिएटेड ट्रान्सक्रिप्ट (शांत अवस्थेशी जोडलेला आरएनए), एलएटी, जो १९८७ मध्ये उजेडात आला. त्याचा एक भाग आयसीपी० च्या जनुकाच्या उलट दिशेने जातो, आणि एलएटीच्या परिसरातून निघणारे सूक्ष्म आरएनए आयसीपी० आणि आयसीपी४ च्या आरएनएंवर नेम धरू शकतात. मात्र एलएटी नसलेला विषाणूही शांत अवस्थेत जाऊ शकतो. फरक किती पडतो ते उंदरात पाहिलं की सशात, यावर बरंच ठरतं. म्हणून ‘एलएटीमुळे विषाणू झोपतो’ असं सरळ वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका.

जाग येताना आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला अजूनही थक्क करते. ताप, कडक ऊन, मानसिक ताण यांनी चेतापेशीवर ताण आला की तिच्यातला जेएनके हा ताणाचा संदेश पोचवणारा मार्ग चालू होतो, हिस्टोनच्या मिथिल खुणेशेजारी फॉस्फेट लागतो, आणि ती खूण असूनही तिचा धाक कमी होतो. वाढवलेल्या चेतापेशींवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की या पहिल्या लाटेत आल्फा, बीटा, गॅमा तीनही गटांची जनुकं एकदम थोडीथोडी उठतात, क्रम न पाळता. त्यात व्हीपी१६ ही बनतं. ते केंद्रकात गेलं की मग नेहमीचा क्रम सुरू होतो. शिदोरी बाहेरून आली नाही म्हणून चेतापेशीतच ती बांधावी लागते, असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

तर पुढच्या आठवड्यात जेल लावाल तेव्हा सहा लेन ठेवा: संसर्ग नसलेली एक; एक तासाच्या दोन, म्हणजे साधी आणि सायक्लोहेक्झिमाइडची; आठ तासांच्या तीन, म्हणजे साधी, सायक्लोहेक्झिमाइडची आणि असायक्लोव्हिरची. प्रतिपिंडं आयसीपी४, थायमिडिन कायनेज, ग्लायकोप्रोटीन डी, ग्लायकोप्रोटीन सी आणि व्हीपी१६ यांची. असायक्लोव्हिरच्या लेनमध्ये थायमिडिन कायनेज टिकलं आणि सी गेलं, तर औषध काम करतंय असं समजा. दोन्ही टिकली तर आधी औषधाचा साठा तपासा. तोही ठीक असेल तर तुमच्या विषाणूच्या थायमिडिन कायनेजमध्ये उत्परिवर्तन आहे का ते पाहा, कारण प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या साठ्यांत असे विषाणू सापडतात.